ताईची वाट
आज कपाट आवरताना गेल्या वर्षी वारलेल्या ताईचं जीपीएस यंत्र हाती आलं. ओल्या बोटांनीही चालावं म्हणून तिनं मुद्दाम बटणांचं घेतलेलं. त्याच्या रबराला अजून चिखलाचा वास होता. एका श्रावणात आम्ही दोघंच घोटीजवळच्या डोंगरावर गेलो होतो. पायथ्याच्या देवळात नारळ फोडला, तिथलीच खूण तिनं यंत्रात करून ठेवली. परतताना पठारावर गच्च धुकं उतरलं. पडद्यावरचा बाण देवळाकडे दाखवत होता, म्हणून मी तसाच निघालो. ताईनं माझी सॅक मागून ओढली. "थांब रे! बाण सरळ दाखवतो. मधला कडा त्याला दिसत नाही." "मग घेतलंस कशाला हे डबडं?" "आपण आलो ती वाट यात उमटलीये. तिच्यावरूनच उतरायचं." ती वाट आधी चढावर जात होती. मी कुडकुडत ओरडलो, "अगं, देव खाली आहे, वर नाही!" ती चढू लागली, मीही मागोमाग गेलो. वर पोचलो तोच धुकं फाटलं. मी निघालो होतो त्या बाजूला जमीनच संपत होती. फार खाली भाताची खाचरं दिसत होती. "घरी बोलू नकोस," एवढंच ती म्हणाली. मघाशी यंत्रात नवे सेल घातले. ताई चालली त्या सगळ्या वाटा उमटल्या. रविवारी त्यातल्या पहिलीवर मी निघणार आहे.