पैलवानाची गादी

घरात पहिल्या वेच्याचा कापूस आला की त्याचा उन्हात तापलेला, कोरडा वास मला वीस वर्षांपूर्वीच्या ढोरांच्या दवाखान्यात नेऊन उभं करतो.

माझ्या लेकीचा, मुक्ताचा, एक पाळीव पांढरा उंदीर होता. नाव पैलवान. याच्या धाकानं मांजरांनी तालुका सोडला, असं मी गावभर सांगायचो. त्या सकाळी मात्र तो तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता आणि दर श्वासाला बारीक शिटी वाजत होती. मी फटफटी अशी हाणली की घाटंजीच्या वाटेवर माझी सावलीसुद्धा मागं पडली. तरी पाठीशी पैलवानाचं खोकं धरून बसलेली मुक्ता ओरडत होती, "अजून जोरानं, बाबा!"

डॉक्टर बैलाला सुई टोचत होते. ते हसले नाहीत. खोक्यात बघून मुक्ताला म्हणाले, "बेटा, बाहेरून पाणी आण." ती गेल्यावर हळूच विचारलं, "भाऊ, याले निजवता कशावर?"

मी छाती फुगवली. "आपल्याच वावरातला पहिल्या वेच्याचा कापूस, साहेब! सरकी काढून हातानं पिंजला. राजाले अशी गादी नसंन!"

"त्याचीच धूळ बसली ना छातीत. आता काई करता येत नाही, भाऊ."

मुक्ता पाणी घेऊन आली तेव्हा शिटी थांबली होती.

या गोष्टीत मी आजवर वाघ घातला, पूर घातला. डॉक्टरांचं ते वाक्य तेवढं कधीच घातलं नाही. मुक्ता आता तिच्या पोरांना सांगते, "तुमच्या आबानं पैलवानाले कापसाची गादी केलती, म्हणून तो सुखानं गेला."

पोरं माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो.