झाकण लावून काढलेला फोटो

आमच्या गल्लीतले फोटोवाले काका मांडवात अनवाणीच फिरतात. सात रस्ता चौकातल्या दुकानात त्यांनी जुना डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा निवडला तेव्हा मी सोबत होतो. त्याच किमतीत झूमवाला, ऑटोमॅटिक मिळत होता.

"काका, ह्यात फोकससुद्धा हातानं करायचा," मी कुरकुरलो.

"मग? हात काय नुसते जेवायलाच हायत व्हय?" म्हणत त्यांनी एकच लेन्स घेतली, तीही ओरखडा पडलेली.

या कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. माझ्या पुतणीच्या लग्नात नेमकं तेच झालं. दोन्हीकडची मंडळी ताठ उभी होती. काकांनी ऐटीत बटण दाबलं आणि व्याही ओरडले, "अवो, झाकण तरी काढा की!" अख्खा मांडव खो खो हसला. काकांना मीच बोलावलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी झाकण खिशात टाकलं, पण मान खाली घातली नाही.

"आता कुणी गप बसायचं न्हाय," ते दरडावले. "हसा असंच!" आणि त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

व्याह्यांच्या बैठकीच्या खोलीत आज तोच एक फोटो आहे. त्यात काकांकडे बोट दाखवून सगळ्यात मोठ्यानं हसताहेत ते व्याहीच.