आण्णांच्या कारखान्यातली मॅनेजरकी

टॉवेलच्या कारखान्यात कापसाची बारीक धूळ सगळीकडे साचते. केसांत, भुवयांवर, चहाच्या कपात! किश्शांचंही तसंच. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण काही वर्षं एका जागी काढली की झटकावे तेवढे निघतात. मी मूळची मोहोळची, सोलापुरात एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मॅनेजर आहे. नातेवाइकांना एवढं सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मग आहेराचे टॉवेल स्वस्तात मिळतील की!" मॅनेजर म्हणजे नक्की काय करते, हे कुणी विचारत नाही. बरंच आहे. सुरुवातीला ते मला कुणी करूच देत नव्हतं.

*

पहिला दिवस. आमचे मालक आण्णा, हातमागापासून वर आलेला तेलुगू माणूस. मनानं दिलदार, पण कारखान्यातला बल्बसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं.

"ही आपली नवी मॅनेजर. लई शिकलेली हाय. आजपासनं हिचंच ऐकायचं!"

टाळ्या पडल्या. मला अगदी भरून आलं. टाळ्या थांबल्यावर आण्णा म्हणाले, "आणि ही काय सांगती, ते आधी मला येऊन सांगायचं!"

*

माल तपासायची आण्णांची स्वतःची पद्धत. टॉवेल उचलायचा, गालावर फिरवायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. बहुतेक वेळा निकाल बरोबरच यायचा, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती.

एका शनिवारी माल बांधून तयार, ट्रान्सपोर्टवाला फोनवर फोन करतोय आणि आण्णा गठ्ठ्याला हात लावायला तयार नाहीत. मी कारण विचारलं.

"अम्मा, आज शनवार. शनवारी मी दाढी करत न्हाय."

"मग?"

"मग टॉवेलचा गुण कळंल, का माझ्या दाढीचा?"

म्हणजे इतकी वर्षं शनिवारी या कारखान्यातून माल बाहेरच पडत नव्हता! त्याच आठवड्यात मी तपासणीची पद्धत लिहून भिंतीवर लावली: वजन, पाणी शोषण, धुतल्यावर आकसणं. पुढच्या शनिवारी सही केली आणि गाडी सोडली. आण्णा सोमवारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. सोमवारी गुळगुळीत दाढी करून आले, तेव्हा बोलले.

*

पुण्याहून एक साहेब व्यवस्थापनाचं प्रशिक्षण द्यायला आले. माणूस हुशार, सोप्या शब्दांत सांगणारा. काम वाटून द्या, दिलेल्या कामात सारखं डोकावू नका, माणसाला चुकू द्या, असं त्यांनी छान समजावलं. आण्णा पहिल्या खुर्चीत बसून जोरजोरात मान हलवत होते. मधून दोनदा उठून साहेबांचा पंखा नीट करून आले, तेवढं सोडा.

संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाले, "लई पटलं बघ! आता सगळी कामं वाटून टाकायची. कुणाला कुठलं ते मी ठरवतो, कसं करायचं ते मी सांगतो, झालं का न्हाय ते मी बघतो. बाकी सगळं तुझं!"

*

यल्लप्पा हा आमचा माग चालवणारा. अक्कलकोटकडचा, शांत, कुणाला नाही न म्हणणारा. एकदा मी त्याला सांगितलं, टॉवेलाला पांढरी पट्टी घे. तासाभरानं आण्णा फेरी मारून गेले आणि निळी सांगून गेले.

संध्याकाळी माल पाहिला. प्रत्येक टॉवेलाच्या एका टोकाला पांढरी पट्टी, दुसऱ्या टोकाला निळी!

"यल्लप्पा, काय करायलाय हे?"

"दोगांचं बी ऐकलं की मॅडम!"

सगळे हसले, पण मला हसू आलं नाही. त्या दिवशी मी आण्णांसमोर बसले आणि स्पष्ट बोलले. "एका माणसाला दोन साहेब नकोत. दिवाळीपर्यंत एक तर मी मॅनेजर होईन, नाहीतर मोहोळला परत जाईन." आण्णांनी चहा मागवला आणि विषय क्रिकेटवर नेला.

*

दिवाळीच्या आधी आण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लेकीकडे हैदराबादला गेले. नेमकी तेव्हाच एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर होती. ती हातची गेली असती, तर एक पाळी बंद करावी लागली असती. आणि क्रीम रंगाचा एक लॉट पिवळट आला.

मी पाहायला गेले, तोवर गाडी अर्धी भरलेली! रंगखात्याचे रफिकभाई म्हणाले, "मैं क्या करूं मॅडम? आण्णा फोन पे बोले, भर डालो."

मी आण्णांना फोन लावला.

"अम्मा, अंग पुसताना रंग कोण बघतंय? जाऊ दे!"

"हॉटेलवाले बघतात आण्णा. मी गाडी उतरवतेय. परत रंगवून दोन दिवस उशिरा पाठवणार. त्यांना तसं सांगितलंय, त्यांनी होकार दिलाय."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर उद्या येऊन मला काढून टाका. आज मी इथं आहे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज. रफिकभाई माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "उतरवा."

"हौ मॅडम," म्हणाले आणि स्वतः पहिला गठ्ठा खांद्यावर घेतला.

माल ठरलेल्या वेळी गेला. हॉटेलची पुढची ऑर्डरही आली. हैदराबादहून मात्र एकही फोन नाही. मी टेबलाचा खण आवरून ठेवला होता.

आण्णा परत आले ते काळा चष्मा लावून. मागांच्या शेडकडे गेले नाहीत, स्वतःच्या खोलीतही बसले नाहीत. मी माझ्या खोलीत काम करत होते. दार अर्धं उघडं होतं, बाहेरचं बोलणं ऐकू येत होतं.

"मालक, बरं झालं गावलासा," यल्लप्पाचा आवाज. "भाचीचं लगीन हाय. चार दिस सुट्टी पायजे व्हती."

"मला कशाला इचारतो?"

"मग तुमी हितं कशाला हुबारलाय?"

"डॉक्टरनं परत बोलावलंय. मला बी सुट्टीच पायजे," आण्णा म्हणाले. "माझ्या मागं उभा ऱ्हा!"