नाव सासरच्या रजिस्टरात

"बाई, हे चिठ्ठी देली तिकडच्या सिस्टरनं," असं म्हणत भागरताबाईनं पदराची गाठ सोडली आणि घडी घातलेला कागद माझ्या टेबलावर ठेवला. तिची पोरगी कुसुम भिंतीला टेकून उभी होती. सातवा महिना. माझ्या थर्मासमध्ये बर्फ होता, बर्फात धनुर्वाताच्या लसीची बाटली होती आणि बाटलीचं सील मी नुकतंच फोडलं होतं. दोन मिनिटांचं काम.

कागदावर लिहिलं होतं, "हिला टीटीचे दोन डोस देणे. एक आज, एक महिन्यानं. कापगते."

'देणे' म्हणे! जशी काही मी कापगतेच्या हाताखालीच होते. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मी तेव्हा तुमसर तालुक्यात, बपेऱ्याच्या अंगाला, एएनएम होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गावाचं नाव सांगत नाही. एएनएम म्हणजे खेड्यातली सरकारी नर्स. चार-पाच गावं मिळून एक सबसेंटर. माझं सबसेंटर म्हणजे एका शेतकऱ्याची भाड्याची पडवी. पावसात छपरातलं पाणी नेमकं रजिस्टरवर गळायचं.

कापगते सिस्टर आणि मी एकाच बॅचच्या. ट्रेनिंगला माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते, हे मी आजही सांगते, यावरून ओळखा. पण तिला नदीपलीकडचं सबसेंटर मिळालं. पक्की इमारत, अंगणात बोरिंग. तिचा नवरा त्याच गावात मास्तर, माझा नागपूरला मिलमध्ये. लोक तिच्या घरी लाखोरीची डाळ काय, नव्या धानाचे पोहे काय, आणून टाकायचे. मला कोणी भोपळा दिला तर तो किडका निघायचा. मंथली मीटिंगला डॉक्टर साहेब फळ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "कापगते सिस्टरचे सगळे रकाने भरलेत. बाकीच्यांनी शिकावं जरा." मग ती पदर सावरून खाली बघायची. त्या खाली बघण्याचा मला जास्त राग यायचा. तिचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखायचं. आता वयाची सत्तरी आली, खोटं कशाला बोलू?

तर कुसुमचं लग्न झालं होतं कापगतेच्या गावात. माहेर माझ्या गावात. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत. पण रजिस्टर रीत बघून बनवलेलं नव्हतं. बाईचं नाव सासरच्या गावच्या रजिस्टरात चढायचं आणि नियम असा की ज्याच्या रजिस्टरात नाव, त्याचा आकडा. म्हणजे लस माझी, सीरिंज मी उकळायची, टोचायचं मी आणि फळ्यावर खडूची रेघ वाढणार कापगतेची.

"हिचं नाव माझ्याकडे नाही, मावशी," मी म्हणाले. "सासरच्या सिस्टरकडे न्या. फार नाव आहे तिचं."

"तिकडची दवाई सरली होती बाई, मनून तं तिनं चिठ्ठी देली."

"आता आली असेल."

"नदी भरली हाये, डोंगा बंद. एसटीनं जाच तं दोन गाड्या बदला लागते. घरी धानाचा रोवणा चालू हाये. सात महिन्याच्या पोरीले घेऊन कसी जाऊ?"

"मी काय करू? नियम आहे."

भागरताबाईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. खरंच कळत नव्हतं तिला, म्हणून विचारलं, "बाई, सुई तुमची हाये का सरकारची?"

"सरकारची."

"मंग सरकारले काहून पाह्यजे सासर-माहेर?"

उत्तर आलं नाही की माणूस जास्तच ताठतो. मी चिठ्ठी तिच्याकडे परत सरकवली. "ही तिलाच नेऊन द्या."

कुसुम भिंतीचा आधार सोडून हळूहळू पायरी उतरली. संध्याकाळी बाटलीत सहा-सात डोस उरले होते. एकदा सील फोडलं की बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही, ओतून द्यायची. मी ओतून दिली. तोही नियमच होता.

आता धनुर्वाताचं सांगते. खेड्यात सुईण नाळ कापायची ती हाताला येईल त्यानं. विळा, ब्लेड, बांबूची चिपट. त्यावरून रोग बाळाच्या अंगात शिरतो. आईला पोटुशी असताना दोन डोस मिळाले की पोटातल्या बाळालाही त्याचं बळ मिळतं. नाही मिळाले तर पाच-सहा दिवस बाळ छान असतं. मग दूध ओढेनासं होतं. जबडा आवळतो. हात लावला, भांडं वाजलं, तरी अंग काठीसारखं ताठ होतं. एकदा सुरू झालं की तेव्हा आमच्याकडे फारसा उपाय नव्हता. उपाय होता तो आधीचा.

दोन महिन्यांनी कुसुमला माहेरीच मुलगी झाली; सुई राहिली ती राहिलीच. सातव्या दिवशी सकाळी भागरताबाई धावत आली. "बाई, पोरगी थान धरून नाई राह्यली."

मी गेले. बाळाच्या मुठी बघितल्या, ओठ बघितले. मागे कोणाच्या तरी हातून पाण्याचा गडवा पडला आणि ते एवढंसं अंग कमानीसारखं वाकलं. मला बाकी काही तपासायची गरज नव्हती. कुसुम खाटेवरून माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "तुमसरला न्यावं लागेल."

मी एसटीत सोबत गेले. सोबत न जाऊन करते काय? भागरताबाईनं बाळ पदरात झाकलं होतं, खड्डा आला की आणखी घट्ट धरत होती. अर्ध्या वाटेत तिनं विचारलं, "बाई, सुई देली असती तं?"

"सांगता येत नाही, मावशी."

येत होतं सांगता. तुमसर यायच्या आधीच बाळ गेलं.

पुढच्या मीटिंगला विषय निघालाच. साहेबांनी चष्मा काढला. "नवजात धनुर्वाताचा मृत्यू. केस कोणाची?"

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. ज्याच्या रजिस्टरात नाव, त्याचा आकडा. म्हणजे हाही आकडा कापगतेचाच. तिच्या भरलेल्या फळ्यावर आता हा डाग पडणार. अगदी क्षणभर मला बरं वाटलं. लेकरू माझ्यासमोर गेलं होतं आणि तरी बरं वाटलं. हेवा माणसाला कुठवर नेतो, बघा.

मी मान खाली घातली. कापगते उभी राहिली.

"माझी केस, सर. नाव माझ्या रजिस्टरला आहे."

"डोस का नाही दिले?"

"लस संपली होती, सर. ती माहेरी गेली. मी पाठपुरावा करायला पाहिजे होता."

"चिठ्ठी द्यायची ना तिकडच्या सिस्टरला!"

साहेब तिला दहा मिनिटं बोलले. सगळ्यांसमोर. तिनं चिठ्ठीचं नाव काढलं नाही.

व्हरांड्यात मी तिला गाठलं. "तू सांगितलं का नाहीस?"

"चिठ्ठी माझ्या थैलीत आहे," ती म्हणाली. "भागरताबाई परत देऊन गेली. सगळं सांगितलं तिनं."

"मग?"

"मग काय? तुझं नाव घेतल्यानं पोरगी परत येते का?" तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता. "आणि उपकार मानू नको. खरंच मी यायला पाहिजे होतं. तू माझ्यावर एवढी जळतेस हे मला माहीत नव्हतं, नाहीतर चिठ्ठीच्या भरवशावर राहिले नसते."

ती सायकल घेऊन निघून गेली. मला तेव्हाही तिचा हेवा वाटला. पक्क्या इमारतीचा नाही. सगळ्यांसमोर 'माझी केस' म्हणता आलं, त्याचा. मला ते आलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर साहेबांची बदली होईपर्यंत रोज संधी होती, तेव्हाही नाही.

एक केलं. रजिस्टरच्या शेवटी एक पान आखलं. वर लिहिलं, 'बाहेरच्या'. माहेरी आलेल्या, कामाला आलेल्या, मध्य प्रदेशातून बाजाराला आलेल्या, सगळ्या त्या पानावर. दारात आली की टोचायची, मग नाव विचारायचं. सुपरवायझर बाई एकदा म्हणाल्या, "अवं, हे आकडे मी कुठे धरू?" मी म्हटलं, "कुठेच नका धरू." त्यांना ते बरोबर वाटलं नाही. रिपोर्टात त्या पानाला शेवटपर्यंत रकाना मिळाला नाही. नोकरीत जे खरं काम होतं त्याला बहुतेक रकाना नसतो, एवढं मी शिकले.

दोनेक वर्षांनी बपेऱ्याच्या बाजारात भागरताबाई भेटली. मीच हाक मारली.

"नातू झाला बाई," ती म्हणाली.

"अव माय! कधी? कुसुम आली कधी माहेरी? मला कळलंसुद्धा नाही."

"नाई आनली. सासरीच केलं औंदा बाळातपन. लोकं नावं ठेवते, ठेवू द्या." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिकडं सिस्टर हाये ना बाई."

मीपण सिस्टरच होते. तिच्या घरापासून चार घरं सोडून राहत होते.