हिलालची सनई तडतडते

"तुना तो डब्बा इहीरमा फेकी दे, प्रेमराज! सनई वाजी ऱ्हायनी व्हती का कोनी पापड भाजी ऱ्हायनं व्हतं?"

"नाना, मी सांगं ना तुमले, मी दखस म्हनीसन."

"काय दखस? तीन लग्नं व्हई गयात, तिन्हीमा तेच. लोके माले इचारतस, तुमना बँडसंगे फटाका फुकट देतस का?"

तोताराम नाना बँडचे मालक. एक पाय दुकानाच्या उंबऱ्यावर, दुसरा कुणाच्या तरी जळालेल्या पाणबुडी मोटारीवर. प्रेमराजचं हे दुकान पारोळ्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. दिवसभर जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची आणि लग्नसराईत नानांच्या बँडच्या गाडीवर बसून लॅपटॉपला जोडलेल्या कीबोर्डवर सनई वाजवायची, असा त्याचा बारा वर्षांचा संसार.

"आयतवारे चुडामण आबाना नातूनं लगीन शे," नाना म्हणाले. "तठे जर फाटनी, ते सोमवारे मी भुसावयथीन दुसरा मानूस आनसू. त्यानाकडे इकत लियेल कीबोर्ड शे. तुनासारखं फुकटनं नही."

नाना गेले. प्रेमराजनं हातातली पक्कड अशी आपटली, की शेजारच्या चहावाल्यानं मान बाहेर काढली.

फुकटनं! हाच शब्द त्याला झोंबायचा. सॉफ्टवेअर फुकट होतं, खरं आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्या, कुणीही उघडून बघा. पण त्यात भरलेली सनई फुकट नव्हती. ती बेटावदच्या हिलाल सनईवाल्याची होती. हिलालचे पुढचे दात पडायला लागले, तेव्हा प्रेमराजनं त्याला दुकानात बसवलं, चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, आणि आठ दिवस एकेक सूर त्याच्याकडून फुंकून घेतला. हळू, जोरात, त्याहून जोरात. हिलाल शिव्या देत होता, फुंकत होता. आता हिलालला सनई धरता येत नाही. प्रेमराज कीबोर्डची पट्टी दाबतो, लॅपटॉप त्या क्षणी हिलालचा सूर काढतो आणि भोंग्याकडे पाठवतो. विकतच्या कीबोर्डातही सनई असते. गोड गोड. कुठल्याच गावची नसलेली. भुसावळचा माणूस गाडीवर चढला म्हणजे हिलालची सनई खान्देशातून गेली.

आठवडाभर त्यानं दुकानाचं अर्धं शटर खाली ओढून ठेवलं.

लॅपटॉप सूर सलग पाठवत नाही, त्याचे बारीक घास करून पाठवतो. एखादा घास वेळेवर तयार झाला नाही, की तिथं खड्डा पडतो आणि कानाला तडतड लागते. प्रेमराजनं घास मोठा केला. तडतड कमी झाली, पण बोट दाबल्यावर सूर उशिरा यायला लागला. ढोल पुढे, सनई मागे. वरातीत असं वाजवलं तर ढोलवालाच टिपरू फेकून मारेल. घास पुन्हा लहान केला. वायर बदलली. साउंडकार्डाचा आणि सॉफ्टवेअरचा वेग एकच आहे का, तपासलं, एकच होता. वायफाय बंद केलं. गाडीवरचा जनरेटर उचलून दुकानात आणला आणि त्याच्यावर चार तास वाजवलं. चुकलेले घास मोजणारा आकडा पडद्यावर असतो. तो शून्यावरून हलला नाही.

दुकानात शून्य आणि लग्नात तडतड! प्रेमराजला वाटलं, लॅपटॉप आपल्याला मुद्दाम बनवतोय.

त्यानं मोडक्या इंग्रजीत इंटरनेटवर विचारलं. एकानं लिहिलं, लग्नात तो आकडा किती होतो ते बघ. दुसऱ्यानं लिहिलं, नवीन मशीन घे.

"तुना बाप धाडी का नवी मशीन?" प्रेमराज पडद्यावर ओरडला. चहावाल्यानं परत मान काढली.

आणि तो आकडा लग्नात त्यानं पाहिलाच नव्हता, कारण लग्नात पडदा दिसतच नसे. आपल्याकडे वरात निघायच्या आधी वाजंत्र्यांची पूजा होते. ढोलाला हळद-कुंकू, नारळ आणि यजमानाचा आहेर, टावेल-टोपी. लॅपटॉपसुद्धा वाद्यच म्हणून त्याच्या उभ्या झाकणावर टोपी बसायची आणि भोवती टावेल गुंडाळला जायचा. यजमानाचा आहेर वरात पोचेपर्यंत काढायचा नाही. काढला तर त्याचा अपमान. सूर प्रेमराजच्या बोटांत होते, पडद्याची गरज कुणाला होती?

रविवारी चुडामण आबांनी दाट, नवा कोरा टावेल आणला. झाकणापासून मागच्या हवेच्या जाळीपर्यंत स्वतःच्या हातानं दाबून गुंडाळला. वरात निघाली. अर्धा तास सनई अशी वाजली, की म्हाताऱ्या बायासुद्धा ठेका धरायला लागल्या. मग एक तड. मग दोन. मग तडतडतड.

नानांनी पुढून वळून पाहिलं. ती नजर प्रेमराजला पुरली. आकडा बघायला त्यानं टावेलाचं टोक वर केलं आणि गरम वाफ तोंडावर आली. आकडा चारशेच्या पुढे. त्यानं बाजूला हात लावला, तर तवा. जीव वाचवायला मशीन स्वतःच हळू झालं होतं आणि घास मागं पडत होते.

रोज शेतकऱ्यांना शिव्या घालणारा हा माणूस. मोटारीवर पोतं नका टाकू रे, वारा लागू द्या, कितीदा सांगू! आणि स्वतः भर उन्हाळ्यात तीन लग्नं पोत्याखाली वाजवत बसलेला. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्यानं टावेल ओढून काढला.

"कोनी काढा तो टावेल?" आबा गर्दी फोडत आले.

"मी काढा."

"मना आहेर शे तो! भर वरातमा मनी इज्जत काढस?"

"आबा, आहेर मना खांदावर टाका, मना मुंडकाले बांधा. मशीननं नाक-तोंड दाबीसन कसाना आहेर? नवरदेवना तोंडवर टावेल दाबीसन त्याले नाचाले सांगतस का तुमी?"

कुणीतरी फिसकन हसलं. आबा लालबुंद झाले.

"पाय धर आबाना," नाना ओरडले. "पहिले पाय धर!"

"पाय मंग धरसू. पहिले आइका."

पण ऐकवणार काय? मशीन निवायला वेळ हवा होता. ढोलवाले वाजवत राहिले. पोरं ओरडायला लागली, सनई कोठे गई? आबा कमरेवर हात ठेवून समोर उभे. प्रेमराज टोपीनं जाळीला वारा घालत होता आणि दातओठ खात होता. तीन मिनिटं गेली, चार गेली. मग त्यानं आकडा पुसून शून्य केला आणि पट्टी दाबली.

हिलालचा सूर निघाला, लांब, सलग. मारुतीच्या देवळापर्यंत दीड तास वाजला. आकडा शून्यच.

आबांनी काही माफ केलं नाही. टावेल झटकला आणि नवरदेवाच्या घोड्यावर टाकला. "घोडाले तरी अक्कल शे," म्हणाले. प्रेमराजनं वरात पोचल्यावर त्यांचे पाय धरले. आबांनी पाय मागं घेतले.

सोमवारी सकाळी नानांचा फोन आला.

"काल बरी वाजनी. हवा थंडी व्हती म्हनीसन."

"हवा? नाना, मी इतला घसा फाडीसन सांगं..."

"बरं बरं. शुक्रवारे धुयाले एक लगीननी सुपारी शे. येशी ना?"

"येसू. पन आहेर गाडीना तोंडले बांधाना. मना मशीनले कोनी कपडा लावा, ते मी तठेच उतरी जासू. नवरदेव उभा ऱ्हावो नही ते पडो."

"माजी गया तू."

"व्हय, माजी गऊ!"

त्यानं फोन कापला. बरोबर होतास, एवढं म्हणायला काय जात होतं म्हाताऱ्याचं? त्यानं स्टूल ओढलं, नाना ज्या मोटारीवर पाय देऊन उभे राहिले होते ती उलटी केली आणि काळी पडलेली तार पकडीनं उपसायला लागला.