नववा ग्रह आणि वरचे अडीचशे

तारीख आठ फेब्रुवारी, रविवार. रक्कम सहाशे रुपये. त्यातले साडेतीनशे फलकावर लिहिलेले, अडीचशे तोंडी सांगितलेले. हजर तिघे: कोठी बाजारातल्या एका गल्लीत जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणारे गृहस्थ, कॉलेजात जाणारी माझी मुलगी आणि मी.

काम एका कॅसेटचं होतं. यंत्रात वरून खोचायच्या त्या प्लास्टिकच्या डबीला आम्ही कॅसेटच म्हणायचो. तीस वर्षांपूर्वी थोरल्या भावाने आणि मी ती आबिड्सच्या बाजारात सहाशे चाळीस रुपयांना घेतली होती, निम्मे निम्मे. गेममध्ये एक मालवाहू यान नऊ ग्रहांवर न्यायचं असतं. दादा यान चालवायचा, मी इंधनाचा हिशेब वहीत मांडायचो. आठ ग्रह झाले होते. टाकीत इंधनाच्या एकेचाळीस रेघा शिल्लक होत्या आणि नवव्याला माझ्या हिशेबाने छत्तीस लागणार होत्या. तेवढ्यात दादाला पुण्यात नोकरी लागली. निघताना तो म्हणाला, "नववा माझ्याशिवाय करायचा नाही." मी केला नाही. पुढे तो कितीदा आला, पण कधी लग्न, कधी आजारपण. बसणं झालं नाही.

इंधनावरून आठवलं म्हणून सांगतो. हल्लीचे अंतराळातले सिनेमे मला बघवत नाहीत, याचं निम्मं कारण इंधन आहे. तीन तास यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतात, पण कुणी टाकी भरताना दिसत नाही. मुलीला एकदा हे बोललो.

"बाबा, हीरो पंपावर रांगेत उभा राहिलेला कोण बघणार?"

"मी बघेन."

उरलेलं निम्मं कारण असं की काहीच संपत नाही. सिनेमा संपतो तो पुढच्या भागासाठी. मालिकांचं त्याहून वाईट. आठ भाग बघा, नवव्याच्या तोंडावर थांबा, दोन वर्षं वाट बघा आणि मग कळतं की मालिका बंद झाली. मी नोंद ठेवली आहे: एकोणीस विज्ञानमालिका सुरू केल्या, चारच शेवटाला पोचल्या. लहानपणी दूरदर्शनवर पुठ्ठ्याची यानं दिसायची, त्यांचे दोरेसुद्धा दिसायचे, पण गोष्ट पूर्ण व्हायची. त्या कॅसेटलाही शेवट होता. तो फक्त आम्ही बघायचा ठेवला होता.

दादा चौदा तारखेला एका लग्नासाठी येणार होता आणि या वेळी त्याने आपणहून विचारलं होतं, "कॅसेट चालते ना अजून?" चालत होती. आठ ग्रहांची नोंद तिच्यात जशीच्या तशी होती. मी दर दिवाळीला लावून बघायचो. ती नोंद आतल्या एका चपट्या सेलवर टिकते. असे सेल कधीही संपू शकतात, असं वाचलं. आमच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचे सेल मी दर एक जानेवारीला बदलतो, चालू असले तरी. त्याच हिशेबाने हाही आधीच बदलून घ्यावा म्हणून कोठीला गेलो.

फलकावर लिहिलं होतं, सेल बदलणे साडेतीनशे. त्या गृहस्थांनी कॅसेट उलटीपालटी करून पाहिली.

"अंदर की फाइल उतार के वापस डालने के ढाई सौ अलग, साब."

"फलकावर तर नाही तसं," मी मराठीतच म्हणालो. त्यांना ते कळलं.

"बोर्ड पे नईं है. पर बाद में ज़िम्मेदारी मेरी नईं."

ज़िम्मेदारी नाही, हे वाक्य मी आजवर प्रत्येक दुरुस्तीच्या दुकानात ऐकलं आहे. मिक्सर असो की स्कूटर, वरचे पैसे काढायला ते म्हणतातच. लिहिलेल्या दरापेक्षा जास्त द्यायचं नाही, हा माझा नियम आहे.

"बाबा, देऊन टाका ना. अडीचशेच आहेत."

"अडीचशेच म्हणजे काय?"

 साडेतीनशे दिले, सुट्टे. वीस मिनिटांत काम झालं. सोल्डरिंगचा डाग अगदी सफाईदार होता.

घरी येऊन कॅसेट लावली. गेम उत्तम चालला. नोंदीच्या तीन जागा दिसल्या आणि तिन्ही रिकाम्या. जुना सेल निघाला त्या क्षणी सगळं पुसलं गेलं होतं, आणि तो बिचारा सेल आणखी आठवडा सहज टिकला असता.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर पुन्हा गेलो. अडीचशे काढून पुढे केले.

"अब किस बात के, साब? मैं तो बोला था. बिटिया भी सुनी."

भांडायला जागा नव्हती. हेच जास्त झोंबलं.

दादा आला. चहा होईपर्यंत मी थांबलो, मग सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"किती वाचवलेस?"

"अडीचशे."

"अरे, मी चौदाशेचं तिकीट काढून आलो."

"लग्नाला आलास ना?"

"लग्नाला आहेर पाठवला असता."

 पहिल्यापासून खेळू म्हणालो, वही काढली. वहीप्रमाणे आठ ग्रहांना आम्हाला पाच महिने लागले होते. त्याच्या हातात दीड दिवस होता. पहिला ग्रह जमला. दुसऱ्यावर यान तीनदा आपटलं. त्याला आता चष्म्याशिवाय रेघा दिसत नाहीत आणि चष्म्यातून यान दिसत नाही. चौथ्यांदा इंधन संपलं. त्याने बटणांची पट्टी टीपॉयवर ठेवली.

"माझा हिस्सा देऊन टाक. तीनशे वीस."

मी हसलो. तो हसला नाही.

"तूच ठेव ती आता. मी काही परत बसणार नाही."

मुलगी दारात उभी होती.  मी फोनवरून पैसे पाठवले. त्याने चष्मा वर करून आपल्या फोनचा पडदा डोळ्यांजवळ नेला, आकडा नीट वाचला आणि "आले" म्हणाला.

एकूण दिले ते असे: कोठीच्या गृहस्थांना साडेतीनशे, दादाला तीनशे वीस.