पाचव्या शीलापाशी

माझे वडील भीमगीतं गायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. स्वारगेटवरून एसटी धरून त्यांनी गावोगावच्या जयंत्या केल्या. पेटी स्वतःच वाजवायचे, ढोलकीला एक मावसभाऊ आणि मागे कोरसला मी. आवाज असा की शेवटच्या रांगेतली म्हातारीसुद्धा सावरून बसायची. आणि दारू अशी की परतीच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं.

आमच्याकडे गाण्याआधी पंचशील होतं. गायकाने माइकवर म्हणायचं, लोकांनी मागून. अण्णा चार शीलं खणखणीत म्हणायचे. पाचवं, मद्य न पिण्याचं, आलं की हात जोडून गप्प. मग मंडपातूनच कुणीतरी ते म्हणून टाकायचं. बाकीचे गायकही काही ताक पिणारे नव्हते, पण ते बेधडक म्हणायचे. एकदा मी म्हटलं, "अण्णा, नुसते ओठ तरी हलवा." तर म्हणाले, "चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. ते लगेच मोडू?" अशा माणसाशी काय भांडणार? मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी येरवड्यातल्या आमच्याच वस्तीच्या मंडळाने त्यांना बोलावणं बंद केलं. अध्यक्ष म्हणाले, "गळा उत्तमच आहे आपला. त्यातून खाली काय जातं, तेवढं बघा." बाहेरगावची बोलावणी आटली तेव्हा अण्णांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. हे लागलं. आपल्या वस्तीच्या मंचावर पुन्हा उभं राहायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. दारू सुटायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत आईने आणि मी काय पाहिलं, ते लिहीत नाही.

गेल्या जयंतीला बोलावणं आलं. अण्णांनी पाचवं शील म्हटलं. मंडपात टाळ्या पडल्या. शीलाला टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. आई रडली, मीही रडले. मग गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या कडव्याला आवाज वर जाईना. दोन वर्षं अण्णांनी सगळा जीव त्या एका शीलासाठी लावला होता, रियाज केलाच नव्हता. गळा आपलाच आहे, जातो कुठे, म्हणायचे. तो कधीच गेला होता. अण्णा थांबले, ढोलकी चालूच होती. मी पुढे होऊन ती ओळ उचलली. पुढची गाणीही मीच म्हटली. अण्णा शेजारी मान खाली घालून बसले होते आणि मला गाताना आनंद होत होता. खोटं कशाला सांगू?

यंदा मंडळाची माणसं घरी आली. अण्णांनीच दार उघडलं, खुर्च्या मांडल्या. अध्यक्षांनी त्यांना जयभीम घातला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, यंदा आपण गायचं."

मला अण्णांकडे बघवेना. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "पेटीवर कुणी ठरलंय का?"